पहिली विडी किती वाजता?

लेकी, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आला तेव्हा मी जागाच होतो. "अप्पांनी विडी सोडावी म्हणून त्यांचं बंडल गटारात टाकलं, आता दोन दिवस झाले बोलत नाहीत." वाचून हसू आलं, रागावू नकोस. माझ्या थोरल्यानं बंडल पाण्याच्या टाकीत बुडवलं होतं. त्या दिवशी मी रोजच्यापेक्षा चार जास्त ओढल्या आणि दुसऱ्या दिवसापासून बंडल घरी आणणंच बंद केलं. कापडाच्या कारखान्यात लूममागच्या कोनाड्यात ठेवायचो. पोराला वाटलं बाबांनी कमी केली. वर्षभर आम्ही दोघंही खूश होतो.

तेव्हा आधी हे कर: गटाराबद्दल अप्पांची माफी माग. विडीबद्दल त्या वेळी एक शब्दही काढू नकोस.

तू लिहिलंस, "त्यांना आमची काळजीच नाही." असं नसतं गं. बारा तासांची पाळी, चार लूम, खटखटाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. उगाच उभा राहिलास तर मुकादम बघतो. पण "जरा विडी मारून येतो" म्हटलं की कुणी अडवत नाही. बाहेर पडायचं, भिंतीला टेकायचं, पाच मिनिटं माणसासारखं बसायचं. मी सव्वीस वर्षं ओढली, त्यातली निम्मी तरी त्या भिंतीसाठी असतील. अप्पांची विडी काढून घेताना तू ही पाच मिनिटंही काढून घेतेयस, आणि बदल्यात काय देतेयस? भाषण.

शपथही घालू नकोस. एका वर्षी सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेत, अक्षता सोहळ्याच्या दिवशी, संमती कट्ट्यापाशी त्या गर्दीत मी सिद्धरामेश्वराला हात जोडून विडी सोडली. संध्याकाळी होम मैदानावर पाळण्यांच्या मागे उभा राहून ओढली. मग लाज इतकी, की पुढची दोन वर्षं देवळाकडं फिरकलो नाही. विडी सुटली नाही, देऊळ तेवढं सुटलं.

मला उपयोग झाला तो एका डॉक्टरांच्या साध्या प्रश्नाचा. खोकल्यासाठी गेलो होतो. ते म्हणाले, "सकाळी उठल्यावर पहिली किती वेळानं लागते?" मी म्हटलं, "चहाच्या आधी, डोळे चोळत." उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर शरीराला निकोटीनची पक्की सवय जडलेली असते, मग नुसत्या निश्चयावर भागत नाही. ते असंही म्हणाले, की विडीला फिल्टर नसतो आणि जोरानं ओढली नाही तर ती विझते. म्हणून माणूस सिगारेटपेक्षा जास्त झुरके घेतो, तेही खोलवर. "विडी म्हणजे पानच की, झाडाचं" असं तुझे अप्पाही म्हणत असतील. आम्ही सगळेच म्हणायचो.

हाच प्रश्न तू विचार. उत्तर मिळालं की पुढचा: कुठली विडी सोडायला सोपी, कुठली अवघड? जेवणानंतरची? पाळीतली? ते सांगतील. आपल्या विडीबद्दल माणूस चार तास बोलू शकतो, ऐकणारं कुणी मिळत नाही.

"खोकला सुताच्या धुळीचा आहे" म्हणतील. वाद घालू नकोस, धुळीचाही असतो. एवढंच म्हण, की धूळ आपल्या हातात नाही. "आता चौपन्नाव्या वर्षी काय उपयोग" म्हणतील, तिथं मात्र सोडू नकोस. इंग्लंडात डॉक्टरांनी डॉक्टरांचाच पन्नास वर्षं पाठपुरावा केला, 2004 साली निष्कर्ष छापले. ते सिगारेटवाले होते, पण हिशेब बघ: ओढतच राहिलेल्यांपेक्षा साठीला सोडणाऱ्यांना सरासरी तीन वर्षं जास्त मिळाली, पन्नाशीला सोडणाऱ्यांना सहा.

आता तुझ्या घरची खरी अडचण, जी तू मेसेजमध्ये एका ओळीत उरकलीस: आई विड्या वळते. तुमच्याकडं आलो होतो तेव्हा बघितलंय मी. मांडीवर सूप, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची, चिमूटभर तंबाखू, दोन बोटांत वळली की टोक मुडपून दोरा. बोलता बोलता पंचवीसचा कट्टा बांधून बाजूला. अप्पांना विडी विकत आणावीच लागत नाही, हात लांब केला की झालं. तुझी कॉलेजची फी त्याच सुपातून निघाली, हेही विसरू नकोस. त्यामुळे "आपल्या घरात विषच बनतं" असलं वाक्य पुन्हा तोंडातून काढू नकोस. दोघांनाही लागतं ते. आईला एकटीला गाठून एवढंच सांग, की महिनाभर अप्पा घरात असताना सूप शेजारच्या काकूंकडं घेऊन बस आणि वळलेला माल झाकणाच्या डब्यात ठेव. आई करेल. तुझ्या आधीपासून तिलाच ते सोडायला हवे आहेत, फक्त ती कुठल्या तोंडानं बोलणार?

दिवस त्यांनाच ठरवू दे, घरात लग्नकार्य नसलेला. पहिले तीन दिवस वाईट जातात. चिडतील, जेवणाला नावं ठेवतील, झोप लागणार नाही, पोट साफ होणार नाही, खोकला उलट वाढल्यासारखा वाटेल. माझ्या बायकोनं तेव्हा भाजीत मीठ कमी म्हणून मी ताट सरकवलेलं सोसलं. दोन ते चार आठवड्यांत उतरतं. प्रत्येक तलफ तेवढी लांब नसते, काही मिनिटांची असते. त्या मिनिटांना हाताला आणि तोंडाला काहीतरी द्यायचं: भाजक्या शेंगा, बडीशेप, लवंग. पाळीत त्यांनी भिंतीशी जाऊन बसावंच, फक्त शेंगा घेऊन. आणि एक डोळा ठेव, विडीच्या जागी मळलेली तंबाखू किंवा मावा यायला नको. आमच्या खात्यात दोघांचं तसंच झालं.

पहिली विडी उठल्या उठल्या असेल तर निकोटीनचं च्युइंगम लागेल. औषधाच्या दुकानात मिळतं, पण बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना विचारूनच. ते साध्या गमसारखं चघळत राहायचं नाही. थोडं चावायचं, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचं. आणि चहाबरोबर तर नाहीच, मग त्याचा गुण येत नाही. विडीच्या पाकिटावर 1800-11-2356 हा नंबर छापलेला असतो, फुकट फोन. तू लावून देऊ नकोस, त्यांनी स्वतः लावू दे.

मध्ये एखादी ओढली तर कळेलच तुला, वासावरून. ओरडू नकोस. "कुठली होती?" एवढं विचार. मी तिसऱ्या खेपेला सोडली.

आज रात्री माफी, उद्या सकाळी प्रश्न. ते काय म्हणाले ते मला कळव, आणि आईला म्हणावं, कडक भाकरी पाठवलीस ती पोचली.

तुझा,
काका