कोकण रेल्वेवर वाफेच्या इंजिनाची गाडी क्लब काढून चालवता येईल का?

तुम्ही विचारलंय की कोकणातल्या रेल्वेवेड्यांनी क्लब काढून वर्षातून दोन-चारदा रोहा ते मडगाव वाफेच्या इंजिनाची गाडी नेली तर जमेल का. मी रत्नागिरीचा, गाड्यांचं वेड लहानपणापासूनचं, त्यामुळे प्रश्न वाचून खूप बरं वाटलं, पण माझं स्पष्ट मत आहे की या मार्गावर नको.

कारण बोगदे. नव्वदच्या वर बोगदे आहेत, त्यातला आमच्याजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा, आणि अशा लांब बोगद्यांत डिझेलचा धूर बाहेर काढायलाच मोठे पंखे बसवावे लागले. वाफेच्या इंजिनात ड्रायव्हर आणि फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा, उघड्या केबिनमध्ये उभे असतात, चढावर इंजिन जोर लावतं तेव्हाच धूर जास्त, तो छताला आपटून सरळ त्यांच्या नाकातोंडात जाणार. त्यात २०२२ पासून अख्ख्या मार्गावर विजेच्या तारा आल्यात, २५ हजार व्होल्टच्या, त्यांच्याखाली टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळशा-पाण्याच्या डब्यावर, चढून कोळसा पुढे ओढणं म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय हा मार्ग पूर्ण झाला १९९८ला आणि ब्रॉडगेजवरची वाफेची नेहमीची गाडी बंद झाली १९९५ला, म्हणजे इथे वाफेच्या इंजिनाला पाणी भरायची सोय कधी लागलीच नाही.

इंजिन मिळणं हा भाग त्यामानाने सोपा, ते सांभाळणारी माणसं मिळणं कठीण. हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये मी फायरमनच्या मागे उभा राहून बघितलंय, त्याची नजर सारखी त्या काचेच्या नळीवर, ज्यात बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दिसते. पाणी कमी झालं की भट्टीवरचा पत्रा उघडा पडतो, तापून मऊ होतो आणि बॉयलर फुटूही शकतो. कोळसाही नुसता लोटायचा नसतो, फावड्याला झटका देऊन मागच्या कोपऱ्यांत पोचवायचा, आणि थंड बॉयलर हळूहळू तापवायचा म्हणून सकाळच्या फेरीसाठी भट्टी आदल्या रात्रीच पेटवतात.

वेल्समध्ये टॅलिलिन नावाची छोटी लाईन आहे, ती १९५१पासून स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, जगातली अशी पहिलीच. तिकडच्या अशा क्लबांत नवीन पोरगा आधी इंजिन पुसतो, मग फायरमन, मग कुठे ड्रायव्हर, आणि यात वर्षं जातात.

कोकणात करायचंच तर माझ्या मते नेरळ-माथेरान. १९०७ची, दोन फुटी गेज, सुमारे २१ किलोमीटर, बोगदा एकच आणि तोही एवढुसा, आणि तिथे एकेकाळी वाफेचीच इंजिनं चालायची. लाईन रेल्वेची आहे, त्यामुळे परवानगी, इंजिन, इन्शुरन्स सगळं त्यांच्याशी बोलूनच होणार. पण क्लब आजही काढता येईल, पहिलं काम म्हणजे वाफेवर काम केलेले निवृत्त फायरमन आणि फिटर शोधून त्यांचं काम व्हिडिओवर नोंदवून ठेवायचं. ती माणसं आता बरीच म्हातारी झालीत, म्हणून हे याच वर्षी सुरू करा.