शेत विकून पोराला गोल्फचा प्रो बनवावा का?

राम राम भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. कळमेश्वरकडे चार एकर कोरडवाहू, पोरगा बारावी सायन्सला, तीन वर्षांपासून सुट्टीच्या दिवशी गोल्फ कोर्सवर कॅडी म्हणून बॅग उचलतो, मेंबर लोकांनी दिलेल्या जुन्या क्लबनं खेळतो आणि एका राउंडला, म्हणजे पूर्ण कोर्सच्या एका फेरीला, पंच्याहत्तरच्या आसपास स्कोअर काढतो (गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं). आता म्हणतो बारावी सोडतो, प्रो म्हणजे पैशासाठी खेळणारा व्यावसायिक खेळाडू होतो, आणि तुम्ही एक एकर विकायचा विचार करून राहिले. शेवटी तुम्ही लिहिलं की शेत विकायचं बोलणं घरात निघाल्यापासून त्याचा खेळ बिघडला, जेवण पण कमी झालं. माझ्या मते पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

पोरात दम नाही असं मी अजिबात म्हणत नाही. दिल्लीचे अली शेर कॅडीच होते, त्यांनी १९९१ ला आणि परत १९९३ ला इंडियन ओपन जिंकली. पण कमाईसाठी खेळणं म्हणजे काय ते नीट पहा. स्पर्धा बहुतेक चार दिवसांची, दोन दिवसांनी कट लागतो म्हणजे मागे पडलेले खेळाडू बाहेर होतात, कटमध्ये बाहेर गेला की सहसा एक रुपया मिळत नाही, आणि एन्ट्री फी, दिल्ली-चंदीगड-कोलकात्याचं भाडं, लॉज, कॅडीचे पैसे हे सगळं आधीच खिशातून गेलेलं असतं. कापसाला निदान कमी का होईना भाव भेटतो ना भाऊ, इथं पीक उभं असूनही हात रिकामे. त्याच्याआधी पीजीटीआय म्हणजे देशातल्या प्रो टूरची क्वालिफाइंग स्कूल म्हणजे पात्रता स्पर्धा पार करायची. घरच्या कोर्सवरचा पंच्याहत्तर तिथं पुरत नाही, अनोळखी कोर्सवर चारही दिवस सत्तर-बहात्तरच्या आत राहावं लागते.

आणि डोक्यावरचा ताण वेगळाच. राउंड चार-साडेचार तासांचा, त्यात प्रत्यक्ष फटके मारायचा वेळ काही मिनिटांचा, बाकी सगळं चालणं आणि विचार करणं. बॉल जागेवर पडलेला, समोर बॉलर नाही, चुकलं तर दोष द्यायला कोणी नाही. अडीचशे यार्डाचा ड्राइव्ह म्हणजे सुरुवातीचा लांब टोला पण एक फटका अन् तीन फुटाचा पट म्हणजे बॉल होलमध्ये ढकलायचा हलका फटका, तो पण एकच फटका. आपली गोल्फर अदिती अशोक, तिचं टोकियो ऑलिम्पिकचं ब्रॉन्झ एका फटक्यानं गेलं, ती चौथी आली. आता त्या तीन फुटाच्या पटवर उभ्या पोराच्या डोक्यात बापाचा विकलेला एकर असला तर हात कापणारच, चांगल्या चांगल्या खेळाडूंचे कापतात, त्याला यिप्स म्हणतात.

म्हणून शेत विकू नका, आणि मदत कराल ती बुडाली तरी घरात कोणी बोलून दाखवणार नाही एवढीच करा. बारावी होऊ द्या. दोन-तीन वर्षं त्याला अमॅच्युअर म्हणजे हौशी खेळाडू म्हणून खेळू द्या, प्रो झाल्यावर परत अमॅच्युअर व्हायचं म्हटलं तर अर्ज करून वाट पाहावी लागते, म्हणून घाई कायची.

सोबत एमएचटी-सीईटी द्यायला लावा, बीएससी ॲग्रीसाठी. मी हे उगाच नाही सांगत. आपण कपाशीतून खुरपून खुरपून हैराण होतो ती हरळी, तिच्याच जातकुळीचं गवत गोल्फच्या ग्रीनवर, म्हणजे होलच्या भोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, तीन-चार मिलिमीटरवर कापून ठेवतात, आणि ते सांभाळायला माती, पाणी, रोग कळणारा माणूस लागतो. नागपूरचं कृषी महाविद्यालय तुमच्यापासून लांब नाही. शिकवायची आवड असेल तर नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचे कोचिंगचे कोर्स आहेत. पोराला हे 'हरलास तर' म्हणून सांगू नका बरं, गोल्फमधलंच काम म्हणून सांगा.

आज रात्री जेवताना त्याला एवढंच सांगा की शेत विकायचं नाही, तो विषय बंद. मग पेपर झाले की त्याला घेऊन या, मागच्या वीस राउंडची स्कोअरकार्डं सोबत आणा, वाईटातली वाईट पण.