घरात जागा अगदी कमी असताना जपानी पद्धतीचा छोटा मॉडेल रेल्वे लेआउट कसा बनवायचा?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात १ बीएचके आहे, दोन बाय दीड फुटाचं एक टेबल मिळतंय आणि त्यावर शिनकानसेन (जपानची बुलेट ट्रेन), डबल लाइन, मोठं स्टेशन, साकुरा (चेरीच्या फुलांची झाडं) आणि मागे फुजी डोंगर असं सगळं हवंय. स्पष्ट बोलतो, राग मानू नका, शिनकानसेन विसरा.

मी तोक्योत निशि-कासाईला राहतो, इथे आपली भारतीय मंडळी बरीच आहेत, आणि घर म्हणाल तर तुमच्या १ बीएचकेलासुद्धा मोठं म्हणावं असं. त्यामुळे जागेचं रडगाणं मला सांगू नका, माझा लेआउट बरोब्बर दोन बाय दीड फुटाचाच आहे आणि तो पलंगाखाली राहतो.

आधी हिशोब बघा. जपानी एन गेज म्हणजे दोन रुळांमध्ये ९ मिलिमीटर अंतर आणि १:१५० स्केल, खऱ्याच्या दीडशेव्या भागाइतकं (शिनकानसेनला १:१६०, कारण तिचे खरे रूळच रुंद आहेत). १६ डब्यांची शिनकानसेन खरी ४०० मीटर लांब, म्हणजे मॉडेल झालं अडीच मीटर. तोक्योतल्या यामानोते लाइनची ११ डब्यांची लोकल धरली तरी जवळपास दीड मीटर. तुमचं टेबल ६१ सेंटिमीटर! बरं म्हणाल की चारच डबे पळवू, तर वळणाचं काय? कातो या मॉडेल कंपनीचं नेहमीचं लहान वळण २४९ मिलिमीटर त्रिज्येचं, त्याचा पूर्ण गोल खडीच्या पट्टीसकट ५२ सेंटिमीटरच्या वर जातो आणि तुमच्या टेबलाची रुंदी आहे साडेपंचेचाळीस. विषय संपला.

आता लोक इथे काय करतात तर तोमिक्स या दुसऱ्या कंपनीचे मिनी कर्व्ह घेतात (१०३, १४० आणि १७७ मिलिमीटर त्रिज्येचे मिळतात) आणि त्यावर कुठलीतरी आखूड गाडी गोल गोल फिरवतात. चालतं, पण खेळण्यातली गाडी दिसते, कारण खरी रेल्वे एवढी वळतच नाही हे डोळ्याला कळतं. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं आणि दोन महिन्यांत कंटाळलो.

मग एका रविवारी तोक्योजवळ समुद्रकाठच्या कामाकुराला गेलो आणि एनोदेन या छोट्या लोकलमध्ये बसलो.

एनोशिमा देन्तेत्सु, सगळे एनोदेनच म्हणतात. फुजिसावा ते कामाकुरा, फक्त १० किलोमीटर, १५ स्टेशनं, सिंगल लाइन, १९०२ साली पहिला टप्पा सुरू झाला आणि १९१० ला कामाकुरापर्यंत पोचली. १० किलोमीटरला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात म्हणजे सायकलवालासुद्धा शर्यत लावेल. लोकांच्या परसातून जाते, वाळत घातलेले कपडे खिडकीतून हाताला लागतील असं वाटतं, मध्येच एनोशिमा ते कोशिगोए चक्क रस्त्यावरून ट्रामसारखी मोटारींबरोबर चालते, आणि तिथेच र्युकोजी देवळासमोर एक वळण आहे, त्रिज्या २८ मीटर. आता हे २८ मीटर १५० ने भागा. १८७ मिलिमीटर येतात! म्हणजे तोमिक्सचं १७७ चं जे वळण बाकी सगळ्या गाड्यांना खोटं वाटतं ते एनोदेनला जवळजवळ खऱ्या मापाचं आहे. मला घरी येऊन हा भागाकार केल्यावर इतका आनंद झाला की बायकोला उठवून सांगितलं, तिचं मत इथे लिहीत नाही.

गाडी पण तशीच. दोन डबे मध्ये एकाच बोगीवर (चाकांच्या गाड्यावर) जोडलेले, दोन्ही मिळून साधारण २५ मीटर, मॉडेलमध्ये १७ सेंटिमीटर. खऱ्या लाइनवर दोन जोड्या लावून चार डबे पण चालवतात पण तुम्ही एकच जोडी ठेवा, नाहीतर गाडी स्वतःचीच शेपूट पकडायला निघाल्यासारखी दिसते. कातो आणि मोदेमो दोघांनीही एनोदेनच्या गाड्या काढल्यात, एखादी सेकंडहँड दुकानात सापडतेच, फक्त घेण्याआधी ती किती लहान वळण घेते हे खोक्यावर वाचा. तोमितेक कंपनीच्या तेत्सुदो कलेक्शन या मालिकेतल्या स्वस्त छोट्या गाड्याही चालतील पण त्यात मोटर नसते हे लक्षात ठेवा, डब्याच्या लांबीप्रमाणे मोटरचं युनिट वेगळं घ्यावं लागतं, माझ्या एका मित्राने तीन गाड्या घेतल्या आणि मग विचारतो की चालत का नाहीत.

रुळांची मांडणी अगदी साधी. १७७ चे ६० अंशाचे सहा तुकडे, आणि १४० मिलिमीटरचे दोन सरळ. झाला लंबगोल, साधारण ५१ बाय ३७ सेंटिमीटर, बसला टेबलात. पॉइंट (गाडी दुसऱ्या रुळावर नेणारे सांधे) लावू नका पहिल्यांदा, मिनी पॉइंट मिळतात पण ते जागा खातात आणि एनोदेन सिंगल लाइनच असल्याने काही चुकल्यासारखं वाटत नाही. कातोचे आणि तोमिक्सचे रूळ एकमेकांत थेट बसत नाहीत, म्हणून एकच कंपनी धरून चाला. आणि हा लंबगोल टेबलाच्या कडेला समांतर अजिबात ठेवू नका. पंधराएक अंश तिरका फिरवा, तरी बसतो, मी मोजलंय. तिरका केला की चार कोपऱ्यांत चार वेगवेगळ्या आकाराच्या जागा मिळतात आणि बघणाऱ्याला ‘अरे हा तर गोल आहे’ हे पटकन कळत नाही. ही एक गोष्ट केली तरी निम्मं काम झालं समजा.

दुसरं निम्मं म्हणजे मागचा अर्धा भाग लपवणं. एनोदेनवर एकच बोगदा आहे, हासे आणि गोकुराकुजी यांच्यामध्ये, जुना विटांचा. तो मागच्या एका वळणावर बसवायचा, त्यावर हिरवीगार टेकडी, गाडी आत गेली की तीन-चार सेकंद गायब. एवढ्या वेळात माणसाला वाटतं की ती कुठेतरी जाऊन आली. पण बाबांनो टेकडीला मागून हात जाईल एवढं भोक ठेवा!! मी नाही ठेवलं, सगळं चिकटवून, झाडं लावून, फोटो काढून झाल्यावर पहिल्याच दिवशी गाडी आत घसरली आणि मी कोंबिनीतल्या (कोपऱ्यावरच्या दुकानातल्या) चॉपस्टिक्सने ती बाहेर ओढत बसलो होतो रात्री साडेबारापर्यंत.

टेकडी कशाची करायची हे मराठी माणसाला सांगायला नको, दिवाळीत किल्ला केलाय ना? तेच. फक्त माती नको, वजन होतं. इथे घराच्या भिंतीत घालतात तो निळा फोम मिळतो, तुमच्याकडे बांधकामाच्या इन्सुलेशनचा कडक फोम शोधा, थर्माकोलच्या मागे लागू नका, आधीच बंदी आणि त्यात कापताना त्याचे दाणे उडून गाडीच्या गिअरमध्ये जातात. थरावर थर चिकटवायचे, कटरने तासायचे, वर पेपर नॅपकिन आणि पाणी घातलेलं फेविकॉल, वाळलं की तपकिरी रंग आणि मग गवताची पूड. खडी पसरायची कटकट नाही कारण हे रूळ खडीच्या पट्टीसकटच येतात.

आता ‘जपानी’ दिसण्याचं. लोक लाल तोरी (देवळासमोरची कमान), साकुरा आणि फुजी टाकतात आणि म्हणतात झालं जपान. ते कॅलेंडर झालं. जपान दिसतं ते गर्दीत: विजेचे खांब आणि त्यावरची ट्रान्सफॉर्मरची डबडी, काँक्रीटच्या संरक्षक भिंती, बाल्कनीवर टाकलेल्या गाद्या, कोपऱ्यावरचं व्हेंडिंग मशीन, दोन माणसं जेमतेम जातील अशी गल्ली आणि तिच्या तोंडाशी रेल्वे फाटक. घरं रुळाला पाठ करून उभी करा, पुढचं दार नाही, परसाची बाजू, गिझर आणि एसीचे डबे दाखवा. दुमजली घर १:१५० मध्ये पाच-साडेपाच सेंटिमीटर होतं, तोमितेकची रंगवलेली तयार घरं मिळतात पण ती मागवण्यापेक्षा माउंटबोर्डची स्वतः करा, तीन पुरेत, सहा लावली तर गुदमरतं. तोरी लावायचीच असेल तर त्याच बोगद्याच्या तोंडाशी लावा, कारण खऱ्या जागेवरही तिथे गोर्यो देवस्थान आहे आणि रूळ अक्षरशः तोरीच्या पायाशीच जातात, लोक फाटक ओलांडून दर्शनाला जातात.

समोरच्या मोठ्या कोपऱ्यात समुद्र. कामाकुरा-कोको-माए स्टेशनावरून सागामीचा उपसागर दिसतो तो. खरं तर रूळ आणि समुद्र यांच्यामध्ये १३४ नंबरचा हायवे आहे, तो मी सरळ गाळला, फक्त एक बंधारा घातला, कामाकुराचा कोणी आला तर हसेल, हसू दे. पाणी म्हणजे निळा-करडा रंग आणि वर ग्लॉस वार्निशचे चार-पाच हात, रेझिन ओतायच्या भानगडीत पडू नका, कडेने गळतं. फुजी हवाच असेल तर हरकत नाही, त्या किनाऱ्यावरून हवा स्वच्छ असली की दिसतो तो, पण मागच्या पुठ्ठ्यावर अगदी फिका, जेमतेम दिसेल असा रंगवा.

प्लॅटफॉर्म सरळ तुकड्यावरच घ्या, तोही आखूड. आणि काहीही चिकटवण्याआधी गाडी हाताने पूर्ण एक फेरी फिरवा, वळणावर डब्याचं टोक बाहेर येतं आणि पोट आत, माझं एक घर त्यामुळे चार मिलिमीटर मागे सरकवावं लागलं.

वेगाबद्दल एक. नवीन माणूस नॉब पूर्ण फिरवतो आणि गाडी मिक्सरमध्ये पडल्यासारखी फिरते. खरी गाडी ताशी ३० किलोमीटरने चालली तर या स्केलमध्ये सेकंदाला साडेपाच सेंटिमीटर, तुमची एक फेरी १ मीटर ४० ची, म्हणजे २५ सेकंद लागले पाहिजेत. घड्याळ लावून बघा, सुरुवातीला फार हळू वाटतं. एवढ्या हळू चालायला रूळ स्वच्छ लागतात, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड, पुण्याच्या धुळीत आठवड्याला एकदा तरी, आणि वर झाकण करा.

आणि हे सगळं करायच्या आधी एक पायरी आहे ती सोडू नका. इथे त्याला ओझाशिकी उन्तेन म्हणतात, म्हणजे बैठकीच्या खोलीत तातामीवर (गवती चटईवर) तात्पुरते रूळ मांडून गाडी चालवायची आणि झोपायच्या वेळी सगळं गुंडाळून ठेवायचं. महिनाभर तसंच करा. ज्यांना घरी तेवढंही जमत नाही ते तासावर भाड्याने मिळणाऱ्या मोठ्या लेआउटवर आपली गाडी घेऊन जातात, तुमची शिनकानसेन तिथे पळवा कधी इकडे आलात तर.

ऑर्डर करायच्या आधी शेवटचं, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. जपानचा कंट्रोलर १०० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३०. मी सुट्टीत डोंबिवलीला येताना भाच्यासाठी एक सेट आणला होता, पिन बसत नाही म्हणून साधा प्लगचा ॲडॉप्टर लावला, बटण दाबलं आणि फट्. वासाने वरच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या. तेव्हा एकतर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, नाहीतर सरळ भारतातलाच १२ व्होल्ट डीसी देणारा, वेग कमी-जास्त करता येणारा पॉवर सप्लाय करून घ्या, रुळांना १२ व्होल्टच लागतात, ते कुठून येतात याच्याशी गाडीला देणंघेणं नाही.