बाळाचा पाय जन्मापासून आत वळलाय, मालिशने सरळ होईल का?

ताई, बाळ १५ दिवसांचं, डॉक्टर दर आठवड्याला प्लास्टर म्हणतायत आणि घरचे मालिश म्हणतायत, असं लिहिलंय तुम्ही. माझ्या मुलाचे दोन्ही पाय असेच होते, आता ६ वर्षांचा आहे, दिवसभर धिंगाणा. तर आधीच सांगते, क्लबफूट, म्हणजे जन्मापासून आत वळलेलं पाऊल, मालिशने जात नाही. पाऊल हलकेच धरल्यावर पूर्ण सरळ होत असेल तर गोष्ट वेगळी, ते पोटात दाबून बसल्याने वळलेलं असतं आणि सहसा आपोआप सुटतं, पण ते डॉक्टरांना ठरवू दे. आणि तुम्ही ग्रहणात काय केलं वगैरे कोणी काढलं तर ऐकून सोडून द्या, मी पण ऐकलंय.

दर आठवड्याच्या ह्या प्लास्टरला पॉन्सेटी पद्धत म्हणतात, अमेरिकेत आयोवाला डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी होते त्यांची. मला वाटायचं पाय ओढून सरळ करत असतील, तर तसं नाहीच. घोट्यात टॅलस नावाचं हाड असतं, त्याच्याखालचं सगळं पाऊल आत फिरलेलं असतं. आमचे डॉक्टर बाहेरच्या बाजूने त्या हाडावर अंगठा टेकवायचे आणि पुढचं पाऊल हळूच बाहेर फिरवायचे, टाचेला हात लावायचे नाहीत, ती मागोमाग येते. जेवढं फिरलं तेवढं आठवडाभर प्लास्टरमध्ये धरायचं, तोवर लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारे बंध, सैलावतात, मग पुढचं. गुडघा वाकवून मांडीपर्यंत प्लास्टर, नाहीतर पाय निसटतो. साधारण ५ ते ७ लागतात. शेवटी टाच खाली येत नाही म्हणून बहुतेक बाळांची टाचेमागची शीर (रक्ताची नाही, स्नायू हाडाला जोडणारी, टेंडन) छोटा छेद देऊन कापतात, हे ऐकून माझ्या पोटात गोळाच आला होता, पण ३ आठवड्यांच्या शेवटच्या प्लास्टरमध्ये ती पुन्हा जुळून येते.

खरी डोकेदुखी नंतरच्या बुटांची, मध्ये दांडी असते ते. पहिले ३ महिने दिवसाचे २३ तास, मग ४-५ वर्षांचं होईपर्यंत फक्त झोपेत. पाय सरळ दिसायला लागला की सगळे म्हणतात आता कशाला, आम्ही पण नणंदेच्या लग्नाच्या गडबडीत महिनाभर टाळले आणि डावा पाय परत आत, पुन्हा ३ प्लास्टर. चूक आमचीच.

खर्चाचं टेन्शन असेल तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा, क्लबफूट त्यात येतं. प्लास्टर असताना बोटं रोज बघा, निळी-पांढरी पडली किंवा आत सरकून दिसेनाशी झाली तर रात्र असली तरी फोन करा.