बाबांच्या मेडिकलमध्ये ट्रेनिंग केलं तर चालेल का?

प्रश्न : डी.फार्म.च्या (फार्मसी पदविका) दुसऱ्या वर्षाची परीक्षा नुकतीच झाली. आता ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग आहे. बाबांचं मेडिकल आहे आणि ते स्वतः रजिस्टर्ड फार्मासिस्ट आहेत. तिथेच केलं तर चालेल का? मैत्रिणी म्हणतात, तुझं काय, सही-शिक्का घरातच!
— विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : परवानाधारक दुकान आणि तिथे काम करणारा रजिस्टर्ड फार्मासिस्ट, एवढं असलं की फार्मसी कौन्सिलच्या नियमांत ते बसतं. एका फार्मासिस्टच्या हाताखाली जास्तीत जास्त दोन विद्यार्थी ठेवता येतात. ट्रेनिंगच्या कराराचा फॉर्म कॉलेजातून घेता, तेव्हाच दुकान वडिलांचं आहे हे प्राचार्यांच्या कानावर घाला. नंतर कुणी बोट दाखवण्यापेक्षा ते बरं.

तासांचा हिशेब नीट मांडा. अट दुहेरी आहे : किमान ५०० तास आणि किमान तीन महिने. रोज ८ तास बसलात तर ६३ दिवसांत तास भरतील, पण महिने भरणार नाहीत. रोज ६ तास, आठवड्याचे सहा दिवस धरले की साधारण १४ आठवडे लागतात, ते सोयीचं. यातले निदान २५० तास चिठ्ठीवरून प्रत्यक्ष औषध देण्यात जायला हवेत, आणि घरच्या दुकानात घोडं नेमकं इथेच अडतं. घरचं माणूस म्हणून तुम्हाला बिलिंगला बसवतील, होलसेलरचे खोके फोडायला लावतील, वांटेड वही (संपलेल्या, मागवायच्या औषधांची) लिहायला देतील. ती कामंही यायला हवीत, पण ती या २५० तासांत धरू नका. वहीत दोन वेगळे रकाने करा, रोज संध्याकाळी भरा आणि बाबांची सही त्याच दिवशी घ्या. तीन महिन्यांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या असल्या की वही बघणाऱ्याला ते लगेच कळतं.

जमलं तर निम्मे तास एखाद्या रुग्णालयाच्या औषध विभागात करा. ट्रेनिंग एकाहून जास्त ठिकाणी करता येतं. गल्लीतल्या मेडिकलमध्ये त्याच तीन-चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या येतात, अक्षर आणि ब्रँड महिन्याभरात पाठ होतात. मग चिठ्ठी वाचायची राहते, ओळखीवर भागतं.

प्रश्न : मुलगा माझ्याच दुकानात ट्रेनिंग करतोय. बिलिंग त्याला येतं. फार्मासिस्टचं काम म्हणून नेमकं काय शिकवू?
— मेडिकल दुकानदार, संगमनेर

उत्तर : सुरुवात लहान मुलांच्या औषधांपासून करा, कारण चूक तिथे सगळ्यात महाग पडते. १२ किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने पॅरासिटामॉल १८० मिलिग्रॅम होतं. ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ७.५ मिली, २५० मिलिग्रॅमचं असेल तर ३.६ मिली, आणि मिलीला १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स असतील तर फक्त १.८ मिली. चिठ्ठीत नुसतं ‘साडेसात मिली’ असेल आणि हातात ड्रॉप्सची बाटली गेली, तर बाळाच्या पोटात चौपटीहून जास्त औषध जाईल. हे गणित त्याच्याकडून रोज वेगळ्या वजनासाठी कागदावर करून घ्या. स्ट्रेंथ (किती मिलीत किती मिलिग्रॅम) लिहिलेली नसेल तर अंदाज नाही, डॉक्टरांना फोन.

मग ड्राय सिरप, म्हणजे पाण्यात कालवायची पावडर. आधी बाटली हलवून तळाची पावडर मोकळी करायची. उकळून गार केलेलं पाणी (सोबत पाण्याची कुपी असेल तर तेच) निम्मं घालून जोरात हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग खुणेपर्यंत भरून पुन्हा हलवायचं. सगळं पाणी एकदम ओतलं की तळाशी गठ्ठा धरतो. सुरुवातीचे डोस पातळ जातात आणि शेवटचे जास्त कडक. फेसाची रेघच खूण धरली तर पाणी कमी पडतं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचं कालवलेलं सिरप फ्रिजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवायचं. कालवल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहायला लावा.

इन्सुलिन देताना सिरिंज बघायची सवय लावा. आपल्याकडची बहुतेक व्हायल (इन्सुलिनची बाटली) मिलीला ४० युनिटची असते, तिला लाल टोपीची सिरिंज. नारिंगी टोपीची १०० युनिटची. ४० च्या व्हायलमधून नारिंगी सिरिंजने ‘२०’ ओढले तर शरीरात ८ युनिटच जातात, आणि मग साखर का उतरत नाही म्हणून पेशंट डॉक्टर बदलत बसतो. साठवण २ ते ८ अंशांत, फ्रीझरच्या कप्प्यापासून दूर. गोठलेली व्हायल वितळली तरी टाकूनच द्यायची.

डोळ्यांच्या चिठ्ठीतला ‘ओडी’ म्हणजे उजवा डोळा, गोळ्यांच्या चिठ्ठीत तोच ‘दिवसातून एकदा’. मेथोट्रेक्सेट सांधेदुखीवर असेल तर सहसा आठवड्यातून एकदा असतं. पाकिटावर वार लिहूनच द्या, रोज घेतलं तर जिवावर बेततं. स्ट्रिप कापताना बॅच आणि एक्स्पायरी छापलेलं टोक आपल्याकडे राहील अशी कापायची. मुदत संपलेला माल परत जाईपर्यंत वेगळ्या खोक्यात, वर ‘विक्रीसाठी नाही’ असं ठळक लिहून.

शेड्यूल एच-वनचं, म्हणजे विक्रीची नोंद ठेवावीच लागते अशा औषधांचं रजिस्टर (सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम वगैरे) त्याच्याकडून भरून घ्या : डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. ते तीन वर्षं जपावं लागतं. औषध निरीक्षक आले की बहुधा तेच आधी मागतात.

प्रश्न : दुपारी जेवायला घरी जाताना तासभर दुकान ट्रेनिंगच्या मुलावर सोडलं तर?
— तेच वाचक

उत्तर : नाही. फार्मसी कायदा १९४८, कलम ४२ : चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच द्यायचं. औषध नियमांत (नियम ६५) त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दुसऱ्याने दिलं तर चालतं. तुम्ही घरी आणि तो काउंटरवर, याला देखरेख म्हणत नाहीत; फोनवर विचारून दिलं तरी नाही. डबा दुकानात मागवा.