नव्या बिऱ्हाडाचा पहिला चैत्र

ठाण्यात बिऱ्हाड थाटलंयस ना, मग भाजीला जांभळी नाक्यावर जा, तेही रात्री आवराआवर सुरू झाल्यावर. वाटे स्वस्त मिळतात. कैऱ्या आणल्यास तर वेगळ्या उकडू नकोस. कुकरात डाळ-भातावरच्या तिसऱ्या भांड्यात ठेव. गर गार झाला की पाडव्याच्या उरलेल्या गाठी त्यात विरघळव, वर वेलची. झालं पन्हं! आमच्याकडे त्या गाठी कित्येक वर्षं मुंग्यांनीच खाल्ल्या.

गुढीचा कडुनिंब सावलीत वाळवून तांदळाच्या डब्यात टाक. पण पाला चुरचुर वाजेपर्यंत वाळू दे. ओलसर घालून मी एकदा पाच किलो कोलम बुरशीत घालवलाय, सासूबाई अजून काढतात.

एसीची घाई नको. महावितरणचा दर 100 युनिटांनंतर चढतो. तोवर माठ आण.