मासेमारीच्या रॉडच्या टोकाकडचे बारके गाईड जागेवर कसे धरायचे?

प्रश्न: रॉड घरीच बनवतोय, पण टोकाकडचे सिंगल फूट गाईड (गळाची दोरी ज्यातून जाते ती एका पायाची कडी) रॉडला बांधायला दोरा गुंडाळताना सारखे सरकतात, टेप लावली तर दोऱ्याच्या आड येते. काय करू? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: दादा, टेप सोडा. सायकलच्या दुकानात व्हॉल्व्ह ट्यूब (बारीक रबरी नळी) मिळते, तिच्या बारीक चकत्या कापून ब्लँकवर (रॉडच्या नुसत्या काठीवर) सरकवा, एक चकती गाईडच्या पायावर रिंगजवळ बसवा आणि दोरा पायाच्या टोकाकडून चढवत आणा, अर्धा पाय दोऱ्याखाली गेला की चकती कापून टाका. त्याआधी पायाचं टोक कानशीनं घासून निमुळतं करा, हे लई महत्त्वाचं, नाहीतर दोरा चढतच नाही! फेविक्विक मात्र नकोच, नंतर गाईड सरळ रेषेत आणता येत नाहीत. रेषा दोऱ्यावर इपॉक्सी (घट्ट होणारा लेप) लावायच्या आधीच बघून घ्या.